तिसऱ्या खांबातले पाणी

मित्रांनो, मी एक जुनी इमारत आहे, आणि इतकी वर्षे उभी असूनही मी माझी पाठ अजून पाहिलेली नाही. समोरच्या चपलांच्या दुकानाच्या काचेत मला माझे तोंड तेवढे दिसते, तेही सकाळी, ऊन तिरपे असते तेव्हाच. म्हणून आधीच सांगून ठेवते, माझ्याबद्दल मला सगळे ठाऊक आहे असे समजू नका. पुष्कळशा गोष्टी मी माणसांच्या बोलण्यातून उचलल्या आहेत. भिंतीला कान असतात असे माणसेच म्हणतात आणि तरीही भिंतीला टेकूनच बोलतात, त्याला मी काय करणार?

माझे तोंड बघण्यासारखे आहे. हे मी नाही, लोक म्हणतात. खाली रस्त्यालगत बिडाचे चार खांब आहेत. बीड म्हणजे साच्यात ओतलेले लोखंड. खांबांच्या डोक्यावर लाकडाची लांबलचक तुळई, आणि तुळईवर पहिला मजला, तीन कमानदार खिडक्यांचा. त्याच्या वरचा मजला माल ठेवण्याचा. तिथे मधोमध एक दार आहे आणि ते थेट हवेत उघडते. नवखा माणूस खाली उभा राहून हमखास विचारतो, ‘या दारातून जायचे कोणी?’ माणसाने नाही, मालाने. दारावर एक कप्पी आहे. गाडीतून आलेली खोकी दोराने वर चढायची आणि त्या दारातून आत शिरायची. आणि सगळ्यांत वर, कठड्याच्या मध्यभागी, दगडात कोरलेली एक उघडी छत्री आहे. कारण मी छत्र्यांच्या दुकानाची इमारत आहे.

माझा पहिला मालक छत्र्या आणि हातातल्या काठ्या विकायचा. सगळे त्याला थोरले छत्रीवाले म्हणत. माणूस दिलदार, पण हौस मोठी. मी जोत्यापर्यंत आले होते तेव्हा त्याने मुख्य गवंड्याला बोलावले आणि माझ्या देखत एक अट घातली.

“हे बघा मिस्त्री, पावसात छत्री घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावर माझ्याच छपराचं पाणी पडलं, तर लोक मला हसतील. आणि इमारतीच्या तोंडावर नळाची एक कांडीसुद्धा दिसता कामा नये. सांगून ठेवतो.”

“नळ नको, धार नको,” मिस्त्री म्हणाला. “मग पाणी काय खिशात घालून न्यायचं?”

तेव्हा खांबांची मापे घ्यायला आलेला ओतारी दगडावर बसून भाकरी खात होता. तोंडातला घास न गिळताच तो बोलला, “खांब तर मी पोकळच ओततो. भरीव ओतले तर उचलणार कोण? पाणी त्यांच्या पोटातून उतरवा की.”

दोघे त्याच्याकडे बघतच राहिले. मलाही फार नवल वाटले, मित्रांनो. आपल्या पोटातून नदी जाणार हे ऐकून कुणाला वाटणार नाही? आणि तसेच झाले. छपराचे पाणी कठड्यामागच्या लपलेल्या पन्हळीत जमते. पन्हळीला चार भोके आहेत. तिथून पाणी भिंतीतल्या नळीत येते, नळीतून खांबात उतरते, आणि खांबाच्या पायाशी वीतभर तोंड आहे त्यातून रस्त्याकडेच्या गटारात जाते. बाहेरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही कळत नाही. धो धो पाऊस पडत असतो आणि मी आपली कोरड्या तोंडाने उभी असते. पहिल्या पावसात गल्लीतली माणसे खाली उभी राहून माना वर करून पाणी शोधत होती. थोरले छत्रीवाले दारात उभे राहून नुसते गालात हसत होते.

थोरल्यांना एक सवय होती. रोज दुकान उघडताना ते हातातल्या काठीने चारही खांब एकेकदा वाजवायचे आणि क्षणभर थांबायचे. खांब रिकामा असला की आवाज यायचा ठण्ण. आत पाला किंवा घरटे अडकून पाणी तुंबले असले की यायचा धप्प. धप्प आला की ते बाही सारून खालच्या तोंडातून तार घालायचे आणि कचरा ओढून काढायचे. त्यांनी मुलाला शिकवले, “खांब वाजव आणि ऐक.” मुलाने त्याच्या मुलाला सांगितले, “दुकान उघडताना खांब वाजवायचे असतात.” आणि त्याने पुढच्याला सांगितले, “खांब वाजवले नाहीत तर धंदा बसतो.” अशा रीतीने काठी शिल्लक राहिली आणि कान गळून पडला. मी वरून बघत होते, पण मला वाचा कुठे आहे बोलायला?

माझे कामाचे दिवस मात्र मोठे झोकात गेले. आभाळ भरून आले की माझ्या पायऱ्यांवर ही गर्दी. कुणाला लांब दांड्याची छत्री हवी, कुणाला घोड्याच्या तोंडाची मूठ, कुणाला सासऱ्याला शोभेल अशी काळी आणि स्वतःला शोभेल अशी निळी. एका नवरदेवाने तर एकच छत्री सात वेळा उघडून मिटून पाहिली आणि शेवटी काठी घेऊन गेला. चित्रकलेचे एक मास्तर दरवर्षी त्यांचा वर्ग समोरच्या फुटपाथवर बसवून माझे चित्र काढायला लावत. “खांब बघा, किती बारीक! आणि वजन बघा केवढं पेलतात!” असे ते म्हणाले की मी हरभऱ्याच्या झाडावर चढायचे. मुले माझ्या खिडक्या वाकड्या काढायची, पण दगडाची छत्री न चुकता काढायची.

मग घडीच्या छत्र्या आल्या. त्या पिशवीत मावतात, मोडल्या तर टाकून देतात. दोराने चढवावी लागतील अशी खोकी येईनाशी झाली. वरच्या मजल्यावर पारवे राहायला आले. रस्ता दर काही वर्षांनी नवा व्हायचा आणि दर वेळी थोडा उंच व्हायचा. फुटपाथची फरशी वर येत गेली आणि माझ्या खांबांची खालची तोंडे फरशीत बुडत गेली. शेवटी प्रत्येक तोंडाची जेमतेम दोन बोटे फट वर दिसायची. पाणी मात्र फरशीखालच्या बुडालेल्या भागातून मुकाट गटारात जात होते. ती फट कशाची हे विचारणारे कुणी उरले नव्हते.

आता दुकान चालवतात ते काका. थोरल्यांच्या पणतवाचा मुलगा. साऱ्या गल्लीचे ते काकाच आहेत. एकटे राहतात, टापटीप इतकी की छत्र्यासुद्धा उंचीप्रमाणे रांगेत लावतात, आणि एकदा बोललेला शब्द मागे घेणे त्यांच्या जिवावर येते. त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी माझ्या पहिल्या मजल्यावर, मधल्या खिडकीशी बसून छत्र्या दुरुस्त करते. मोडक्या काड्या बदलते, कापड शिवते, नवीन रिबिटे दाबून बसवते. त्यासाठी तिच्याकडे टेबलाला घट्ट बसवलेले एक हातयंत्र आहे. हल्ली गिऱ्हाईक दुकानात येते ते बहुधा तिच्यासाठीच. आजोबांची छत्री, आईची छत्री, टाकवत नाही अशी छत्री घेऊन लांबून लांबून माणसे येतात. काकांनी तिचे नाव ठेवले आहे चौकशीबाई. कारण लहानपणापासून तिच्या तोंडात एकच शब्द, का?

“काका, हे खांब रोज का वाजवता?”

“पहिल्यापासून आहे ते.”

“पण पहिल्यापासून का आहे?”

“चौकशीबाई, कामाला लागा!”

आता मूळ गोष्टीकडे येते. नऊ वर्षांपूर्वी दुकानात उंदीर झाले. रेशमी छत्र्यांचे कापड त्यांनी कुरतडले. काकांच्या डोक्यात तिडीक गेली. एका दुपारी त्यांना तिसऱ्या खांबापाशी एक शेपटी दिसली, आणि खांबाच्या पायाशी असलेली फट दिसली. झाले! त्यांनी औषधाच्या दोन बाटल्या फोडल्या, काचा त्या फटीत खोलवर कोंबल्या, वरून घमेलेभर सिमेंट ठासले आणि त्यावर खांबाचाच हिरवा रंग फासला. बाकीच्या तिन्ही खांबांचीही तोंडे ते बुजवणार होते, पण सिमेंट संपले. मी अंगातून ओरडत होते, ‘अहो, ते बीळ नाही, ते माझे तोंड आहे!’ पण खांबाचे ओरडणे कुणाला ऐकू येते? काकांनी हात धुतले, दोन पावले मागे जाऊन काम पाहिले, आणि त्यांना फार समाधान वाटले.

सुरुवातीला पाऊस थोडा असायचा, पाणी थोडे साठायचे आणि कुठून कुठून झिरपून जायचे. मग दोन वर्षे पाऊस जोराचा झाला. तिसरा खांब भरून पाणी वर भिंतीतल्या नळीपर्यंत चढले आणि तिथल्या सांध्यातून भिंतीत मुरू लागले. माझी तुळई दोन तुकड्यांची आहे, आणि त्याच जागी एका तुकड्याचे टोक भिंतीत रुतलेले आहे. ओले लाकूड किती दिवस दम धरणार? टोक कुजले, तुळई बोटभर खाली बसली, आणि चौकशीबाईच्या खिडकीपासून छतापर्यंत भिंतीला एक चीर गेली. चिरेशेजारी ओलसर डाग पडला. छत्रीवाल्यांच्या घरात पाणी! समोरच्या चपलावाल्याला पंधरा दिवसांचा विनोद मिळाला.

नगर कचेरीतून इंजिनिअर बाई आल्या. उंच, घाईच्या, खिशात लहानशी हातोडी. त्यांनी चिरेत नखाएवढी पट्टी घालून पाहिली, तुळईखाली वाकून पाहिले, आणि चिरेवर आडवी एक पातळ काचपट्टी दोन्ही टोकांना घट्ट चिकटवून टाकली.

“ही आपली साक्षीदार,” त्या म्हणाल्या. “भिंत हलली तर ही तुटेल. तीस दिवस बघू. टिकली तर दुरुस्ती लिहीन. तुटली आणि कारण सापडलं नाही, तर मला ‘पाडावी’ असं लिहावं लागेल. खालून माणसं जातात-येतात, माझा नाइलाज आहे.”

पाडावी. मित्रांनो, हा शब्द मी माझ्या शेजारणीबद्दल एकदा ऐकला होता. आता तिथे पत्र्याचे कुंपण आहे.

इंजिनिअर बाई गेल्या आणि काका वर आले. चिरेकडे पाहिले, मग हातयंत्राकडे पाहिले.

“मला कारण ठाऊक आहे,” ते म्हणाले. “हे तुझं यंत्र. दिवसभर ठोकठोक, ठोकठोक. भिंत तडकेल नाही तर काय गाणं म्हणेल?”

“काका, हे ठोकत नाही. दाबतं.”

“तेच ते. महिनाभर बंद ठेव. काच टिकली तर समजायचं यंत्राचाच दोष. मग ते इथून हलवायचं. दुसरीकडे खोली बघ.”

“आणि तुटली तर?”

“तुटली तर काय, सगळेच बाहेर.”

म्हणजे बघा, काच टिकली तरी तिची जागा गेली आणि तुटली तरी गेली. तिने यंत्रावर कापड झाकले तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला म्हणतात ते हेच. मला तिची इतकी दया आली की काय सांगू. बारा वर्षे ती माझ्या त्या खिडकीशी बसली आहे. ऊन कोणत्या महिन्यात कुठल्या फरशीवर येते हे मला माहीत नाही, तिला माहीत आहे.

पण चौकशीबाई रडत बसणाऱ्यांतली नव्हे. दुसऱ्या दिवशी तिने शिवणाचा खडू घेतला आणि ओल्या डागाच्या कडेने रेघ ओढली. रेघेवर तारीख लिहिली. रोज सकाळी तेच. पहिले बारा दिवस कोरडे गेले. डाग जिथल्या तिथे होता, काच शाबूत होती. काका येता-जाता म्हणायचे, “बघ, यंत्र बंद आणि सगळं ठीक.” ती खडूची रेघ ओढत राहायची.

तेराव्या दिवशी पाऊस लागला. तीन दिवस पडला. डाग वाढला. चौथ्या दिवशी आभाळ निवळले, आणि डाग तरीही वाढला. पाचव्या दिवशी आणखी दोन बोटे. चौकशीबाई भिंतीसमोर मांडी घालून बसली आणि खडू दातांत धरून विचार करू लागली. सहाव्या दिवशी, भर दुपारी, कडकडीत उन्हात, ‘टक्’ असा बारीक आवाज झाला. काचपट्टी मधोमध तुटली.

काका धावत वर आले. त्यांचा चेहरा उतरला. ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, “पणजोबांच्या बापानं पाया कच्चा भरला. बाहेरून मिरवायला चार खांब, आत सगळा पोकळ कारभार.”

थोरल्यांबद्दल असे ऐकून मला आतून संताप आला. पण चौकशीबाई तिकडे लक्षच देत नव्हती.

“काका, इकडे बघा. यंत्र बंद होतं, तरी काच तुटली. म्हणजे यंत्र नाही. पाऊस थांबला, तरी डाग वाढला. छप्पर गळत असतं तर पाऊस थांबल्यावर डाग थांबला असता. म्हणजे छप्परही नाही.”

“मग काय?”

“पाणी कुठंतरी साठून बसलंय. पाऊस गेला तरी ते बसलेलंच आहे. कुठं, ते शोधायचं. काका, मला सांगा, आपल्या छपराचं पाणी जातं कुठं?”

काकांनी छताकडे पाहिले. पासष्ट वर्षे ते या छपराखाली वावरले होते. “कुठं म्हणजे... जातं,” ते म्हणाले.

“आपल्या तोंडावर एकही नळ नाही. मागच्या भिंतीला नाही. मग जातं कुठं?”

काच तुटल्याचे कचेरीत कळवताच इंजिनिअर बाईंचा निरोप आला होता, तीस दिवस थांबायचे नाही, उद्याच दहा वाजता येते. वेळ फार थोडा होता. ती शिडीने छपरावर चढली. कठड्यामागची पन्हळ सापडली, पाल्याखाली दडलेली चार भोके सापडली. चौथ्या भोकापाशी वाकून ती खाली ओरडली, “काका, इथं पाण्याला पोटात जायची वाट आहे! मी एकेका भोकात बादली ओतते. तुम्ही खांबांना कान लावा!”

“खांबांना? का?”

“कारण भोकं खांबांच्या बरोबर डोक्यावर आहेत!”

काकांनी इकडे-तिकडे पाहिले आणि पहिल्या खांबाला कान लावला. समोरून चपलावाला म्हणाला, “काय काका, काय म्हणतोय खांब?” काकांनी हाताने त्याला गप्प केले. वरून पाणी ओतले गेले. खळखळ खळखळ करत ते माझ्या पोटातून उतरले. काकांचे डोळे मोठे झाले. तुम्हा लहान मुलांचे होतात ना, तसेच.

“अगं, वाजतंय! आत पाणी धावतंय!” दुसऱ्या खांबाशीही तेच. ते स्वतःशीच हसू लागले. “काय डोकं चालवलंय म्हाताऱ्यानं!” आत्ता तासापूर्वी ज्याचा पाया कच्चा होता तोच हा म्हातारा बरे का.

मग ते तिसऱ्या खांबाशी आले. कान लावला. काहीच नाही.

“काका, वाजतंय का?” वरून आवाज आला. “इथं पाणी उतरतच नाहीये! तुंबलंय!”

काकांनी कोपऱ्यातली काठी आणली. पहिला खांब वाजवला, ठण्ण. दुसरा, ठण्ण. तिसरा, धप्प. चौथा, ठण्ण. चाळीस वर्षे रोज सकाळी त्यांनी हेच केले होते आणि गेली काही वर्षे तिसरा रोज धप्प म्हणत होता. आज पहिल्यांदा त्यांनी ते ऐकले. मग त्यांची नजर हळूहळू खांबावरून खाली उतरली, पायाशी, त्या हिरव्या रंगाखालच्या उंचवट्यापाशी थांबली. आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

त्यांना आठवले होते. मी शपथेवर सांगते.

चौकशीबाई धडधड जिना उतरून खाली आली. बाह्या ओल्या, केसांत पाला. तिने खांबाभोवती फेरी मारली, खाली बसली, नखाने रंग खरवडला. “इथं सिमेंट आहे. बाकीच्या तिघांना इथंच फट आहे. काका, हे तोंड कुणी बुजवलं?”

काका दुकानातल्या छत्र्यांकडे बघत म्हणाले, “असेल कुणीतरी. जुन्या काळचं असेल. मला काय ठाऊक?”

मित्रांनो, चिरेने दुखले नाही तेवढे मला तेव्हा दुखले.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला इंजिनिअर बाई आल्या. तुटलेली काच पाहिली, ओठ घट्ट मिटले आणि कागद काढला. चौकशीबाईने त्यांना हाताला धरून भिंतीवरच्या तारखा दाखवल्या, पन्हळ दाखवली, खांब वाजवून दाखवले. बाई ऐकता ऐकता घाई विसरल्या. खिशातली हातोडी काढून त्यांनी स्वतः चारही खांब दोन-दोनदा वाजवले. मग छिन्नी मागितली आणि धूळ वगैरे काही न बघता तिथेच गुडघे टेकून बसल्या. सिमेंटचा ढलपा निघाला. काचा निघाल्या. मग आतून एकदम काळ्या पाण्याची धार सुटली ती थेट बाईंच्या मांडीवर.

केवढे पाणी ते! पाव तास वाहत होते. त्याच्याबरोबर कुजलेला पाला आला, पारव्यांची पिसे आली, छत्रीची एक गंजलेली काडी आली. वास असा की चपलावाल्याने दुकानाचे दार लावून घेतले. मला मात्र किती हलके वाटले म्हणून सांगू! नऊ वर्षे पोट फुगलेल्या माणसाला विचारा. चौकशीबाई पाण्यात उभी राहून टाळ्या वाजवत होती. काका मागे, दारात, काठी धरून उभे होते.

बाईंनी कुर्त्याचा ओला घेर पिळला, काउंटरवर कागद पसरला आणि बोलत बोलत लिहू लागल्या. “पाडायची गरज नाही. भिंत वाळू द्या. तुळईचं कुजलेलं टोक कापून नवीन लाकूड जोडा, तोवर खाली टेकू द्या. आता कारण. तोंड कुणी बुजवलं ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणजे बांधणाऱ्यांचंच काम धरायचं. ‘इमारतीच्या मूळ रचनेतील दोष. पावसाचे पाणी खांबांतून नेणे चुकीचे.’ आणि उपाय, चारही खांब बंद करून दर्शनी भिंतीवर नळ बसवावेत. ठीक आहे ना काका? इथं सही करा.”

काकांनी लेखणी हातात घेतली. सही केली की सुटले. कुणाला काही कळणार नव्हते. दोष थोरल्यांचा, माझा, त्या ओताऱ्याचा. मेलेल्या माणसांच्या डोक्यावर खापर फोडायला कुणी अडवत नाही.

काकांनी लेखणी टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. मग ती खाली ठेवली.

“बाई, ते कारण खोडा,” ते म्हणाले. “रचनेत काही दोष नाही. दीडशे वर्षांत एक थेंब आत आला नव्हता. ते तोंड मी बुजवलं. ह्या हातांनी. नऊ वर्षांपूर्वी, उंदरांसाठी. बाटल्या माझ्याच खोकल्याच्या औषधाच्या आहेत.” मग ते पुतणीकडे वळले, आणि त्यांना तिच्याकडे बघवेना. “आणि काल मला आठवलं होतं. तू विचारलंस तेव्हाच आठवलं होतं. तरी मी खोटं बोललो. तुझ्या यंत्रावर आळ घेतला, तुला खोली शोधायला सांगितली. मी चुकलो गं.”

बाहेर गटारात पाणी वाजत होते. चौकशीबाईचा चेहरा आधी रागाने लाल झाला. तो राग खरा होता आणि तिला तो यायलाच हवा होता. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडले, काकांच्या खाली घातलेल्या मानेकडे पाहिले, आणि तिच्या तोंडून निघाला तो प्रश्नच.

“मग काका, उंदीर थांबले का हो?”

“नाही गं,” काका म्हणाले. “ते दारातूनच येत होते.”

पहिल्यांदा इंजिनिअर बाई हसल्या. मग ती हसली. हसता हसता तिने डोळे पुसले आणि काकांच्या पाठीवर एक चापट मारली, चांगली सणसणीत. काकांनी ती मुकाट्याने खाल्ली.

बाईंनी आधीचे लिहिलेले दोन रेघांनी खोडले आणि नव्याने लिहिले, ‘कारण : मालकाने पाण्याचे तोंड बुजविले. मूळ रचना उत्तम आहे, ती तशीच ठेवावी.’ काकांनी त्याखाली पूर्ण नाव लिहून सही केली. तो कागद नगर कचेरीत आहे. कुणीही जाऊन वाचावा. तुळईला नवे टोक बसले आहे आणि वर यंत्र पुन्हा चालू आहे.

मित्रांनो, तुमच्याही गावात माझ्यासारख्या जुन्या इमारती असतील. त्यांच्याजवळून जाताना जरा मान वर करून बघा. पाणी कुठून जाते, दार हवेत का उघडते, हे विचारा. विचारलेले आम्हाला आवडते. आणि एखादी इमारत पडली, म्हातारी झाली होती म्हणून पडली, असे कुणी सांगितले तर लगेच मान डोलावू नका. आमचे दगड सहजासहजी थकत नाहीत. आमच्यातल्या कितीतरी जणी म्हातारपणाने पडत नाहीत. ‘हे मी केलं’ असे म्हणायचे कुणाचे तरी राहून जाते, म्हणून पडतात.